एकतीस गुणांची चाहूल

चेंडू जमिनीला टेकायच्या आधी बावीस शतांश सेकंद, त्या मुलीची डावी टाच हिरव्या चटईपासून सहा मिलिमीटर वर उचलली गेली आणि तशीच राहिली. सहा मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षा किंचित कमी. डॉ. वैजयंती दाभोळेने ते चित्रण चार वेळा पुढेमागे करून पाहिलं. टाच उचलली जात होती, यात शंका नव्हती. डोळे मात्र हलत नव्हते. चेंडूशी आपलं काही देणंघेणंच नाही, अशा चेहऱ्याने मुलगी समोरच्या भिंतीकडे पाहत होती. मग चेंडू उसळून उजवीकडे वळला, आणि ती आधीच तिथे होती.

पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राने आपला निकाल दिला होता. चाहूल : ३१.

"एकतीस," मागून डेस हॅनिगन म्हणाला. "माझ्या सासूलासुद्धा चाळीस पडतील. आणि ती जाऊन नऊ वर्षं झाली."

डेस अडुसष्ट वर्षांचा होता. आधी शाळामास्तर, आणि गेली तीस वर्षं पोर्ट वॅलन फुटबॉल क्लबासाठी खेळाडू हेरणारा माणूस. शनिवार-रविवार तो गावोगावच्या मैदानांच्या कडेला थर्मास घेऊन उभा राही आणि एका मळकट वहीत शिसपेन्सिलीने टिपणं करी. या मुलीला चार तासांचा प्रवास करून त्यानेच चाचणीला आणलं होतं. ईश्वरी घोरपडे, वय एकोणीस, वॉराकनी नावाच्या गावातली.

"अकरा सामने पाहिलेत मी तिचे," तो म्हणाला. "सुटा चेंडू दिसला की तो हिच्या हातात असतो. फाटकाशी उभ्या गायीसारखी उभी असते, आणि पुढच्या क्षणी चेंडू हिच्याकडे. तुझं यंत्र बिघडलंय, डॉक."

"यंत्र ठीक आहे. सकाळीच तपासलं."

"मग तुझं मत काय?"

"माझं मत नाही," वैजयंती म्हणाली. "आकडा एकतीस आहे."

हे वाक्य क्लबात सगळ्यांना पाठ होतं. डेसने त्याच्यासोबत ओठ हलवले.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू गोल नसतो, नारळासारखा लांबट असतो. महिलांच्या लीगमध्ये सोळा-सोळा जणी भल्यामोठ्या लंबगोल मैदानावर त्याच्यामागे धावतात. लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसायचा, फेकायचा मात्र नाही. गोल चेंडू टप्पा पडल्यावर कुठे जाईल, हे कुणीही सांगेल. लांबट चेंडू टोकावर पडला तर एकीकडे जातो, पोटावर पडला तर दुसरीकडे, आणि गिरकी घेत पडला तर प्रेक्षकांना हसवतो. दीडशेहून जास्त वर्षं लोक याला चेंडूची लहर म्हणत आले.

वैजयंतीला लहर मान्य नव्हती. पडताना चेंडूचा लांब अक्ष जमिनीशी किती अंशांचा कोन करतो आणि तो स्वतःभोवती किती वेगाने फिरतो, एवढं कळलं की उसळी ठरलेली असते. ही माहिती चेंडू हवेत असतानाच बघणाऱ्याच्या डोळ्यांत शिरते. बहुतेक मेंदू ती वाया घालवतात. काही मोजके मेंदू ती वाचतात आणि नजर आधीच त्या जागी पाठवून देतात, जिथे चेंडू अजून पोचायचा आहे. खेळाडूला स्वतःला याचा पत्ताही नसतो. विचारलं तर 'असंच वाटलं' एवढंच उत्तर मिळतं.

या 'असंच वाटलं'ची लांबी तिने मोजली होती. खेळाडूच्या डोळ्यांवर एक हलका चष्मा, त्यात बुबुळाची हालचाल टिपणारे दोन कॅमेरे. पोटऱ्यांवर स्नायूंमधली वीज मोजणाऱ्या पट्ट्या. समोरून एक तोफ दोनशे चेंडू वेगवेगळ्या कोनांतून जमिनीवर टाकणार. नजर चेंडूच्या किती आधी योग्य जागी पोचली आणि तिच्याजोडीने पोटरी कधी ताणली, त्याचे शंभरपैकी गुण. यंत्राला तिने 'चाहूल' असं नाव दिलं होतं. ऑस्ट्रेलियन जीभ त्याचं 'चाऊल' करी. दुरुस्त करणं तिने दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं.

ती २०३८ची गोष्ट. त्या वर्षी पोर्ट वॅलनने चाहूल पाहून तीन मुली निवडल्या आणि तळातून थेट वर चौथ्या क्रमांकावर उडी घेतली. पुढच्या वर्षी सहा क्लबांनी यंत्र विकत घेतलं, त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांनी. आता २०४१ चालू होतं, आणि पोर्ट वॅलन पुन्हा खाली घसरला होता.

*

"पाटणकरांनी दुसरी शाखा काढली," संध्याकाळी मकरंद म्हणाला. तो वैजयंतीचा नवरा, एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. ओट्याशी उभा राहून तो शेंगदाणे भाजत होता. "चाहूल क्लासेस. बारा आठवड्यांत पंच्याऐंशी गुणांची हमी. सुट्टीत क्रॅश कोर्स. बाहेर पालकांची रांग, डबे घेऊन. मला वाटलं मी पुण्यातच आहे."

"गुण शिकवून वाढतात?"

"तुलाच माहीत. यंत्र तुझं आहे."

वाढत होते. नजर आधी उचलायचा सराव केला की ती उचलली जाते, हे वैजयंतीला आकड्यांत दिसत होतं. तिला मैदानावर जे दिसत होतं, ते तिने अजून कुठे लिहिलं नव्हतं. सामने बिघडले होते. चेंडू हवेत गेला की चाहूलवाल्या साऱ्या मुली एकाच जागेकडे बघत आणि एकाच जागी पोचत. मग तिथे दहा-बारा जणींची जत्रा भरे आणि चेंडू कुणालाच मिळत नसे. शिवाय प्रतिस्पर्धी मुली आता चेंडूकडे बघतच नव्हत्या. त्या एकमेकींच्या डोळ्यांकडे बघत. समोरचीची नजर जिकडे गेली, तिकडे धावायचं, की झालं.

"भेंडी करू की दोडका?" मकरंदने विचारलं.

"दोन्ही चालेल."

"दोन्ही चालेल, हे मत नाही. ती शरणागती आहे." त्याने शेंगदाण्यांचा घाणा ताटलीत उलटा केला. "तुझ्या यंत्रामागचं खरं कारण मला आज कळलं, वैजू. कुणी काही विचारलं की आकडा पुढे करायचा. म्हणजे तू सुटलीस."

ती हसली. पण नंतर दोडका चिरताना तिने हे वाक्य मनात दोन वेळा घोळवलं. प्रयोगात आलेला नको असलेला आकडा तपासावा, तसं.

*

जून महिन्यात, ऐन थंडीत, डेस तिला वॉराकनीला घेऊन गेला. "यंत्र घरी ठेव, डोळे घेऊन ये," एवढीच त्याची अट होती.

वॉराकनी म्हणजे गव्हाची दोन उंच कोठारं, एक रस्ता आणि एक मैदान. मैदानाभोवती लोकांनी आपापल्या गाड्या तोंड आत करून उभ्या केल्या होत्या. गाडीत बसून, काचा वर करून ते सामना पाहत आणि गोल झाला की हॉर्न वाजवत. डेसने दोघांसाठी मटणाचं सारण भरून भाजलेले गरम 'मीट पाय' आणले. वैजयंतीने आपला हातात धरून ठेवला, बोटं शेकायला.

पहिल्या दहा मिनिटांत तिने चेंडू पाहिलाच नाही, चेहरे पाहिले. पाहुण्या संघातल्या पाच-सहा जणी क्लासात शिकलेल्या होत्या. चेंडू उंच गेला की त्यांची नजर टपकन एका जागी जाई. त्यांना पाहून वॉराकनीच्या मुली तिकडे धावत. जत्रा भरे. ईश्वरी मात्र जत्रेच्या थोडी बाहेर, गुडघे किंचित वाकवून, समोर शून्यात बघत उभी असे. तिच्यावर पाळत ठेवणारी मुलगी तिच्या चेहऱ्याकडे बघून बघून कंटाळे आणि शेवटी जत्रेत सामील होई. मग चेंडू कुणाच्या तरी हाताला लागून निसटे, टप्पा पडे, आणि टप्प्याच्या आवाजासरशी ईश्वरी सुटे. धावायला लागली की ती वळत नसे, बिचकत नसे. ठरवलेल्या दिशेला सरळ जाई.

"आता बोल," डेस म्हणाला.

"कुठेतरी पाहिलंय हे," वैजयंती पुटपुटली. "ही अशी बसण्याची तऱ्हा."

"बसण्याची? ती उभी आहे, डॉक."

सामना संपल्यावर ईश्वरी एका गाडीच्या उघड्या डिकीवर बसून बूट काढत होती. चेहऱ्यावर चिखल, केसांत गवत. वैजयंतीने मराठीत नाव विचारताच ती उठून उभीच राहिली.

"बसा की मॅडम. म्हणजे, बसायला काही नाही इथं. तुम्ही मराठी आहात हे मला यंत्राच्या खोलीत कळलं होतं, तुमच्या कार्डावरनं. पण परीक्षेच्या वेळी कसं बोलायचं, म्हणून गप्प बसले."

"कुठली तू?"

"पलूसची. आई इथं दवाखान्यात नर्स आहे, दोन वर्षं झाली येऊन." तिने केसांतलं गवत काढलं. "मी नापास झाले ना मॅडम? आई म्हणत होती, मॅडम आपल्या आहेत, ओळख काढू या. मी म्हटलं, अजिबात नाही. घ्यायचं तर खेळावर घेतील, नाहीतर राहू दे."

"नाही घेतलं तर?"

"गेल्या वर्षी पण नाव घातलं होतं. ह्या वेळी नाही झालं, तर जानेवारीपासून अॅम्ब्युलन्सच्या कोर्सला जाणार, लांबच्या गावाला. मग खेळ राहील सुट्टीतला." तिने बूट एकमेकांवर आपटून चिखल पाडला. "तेही काम चांगलंच आहे. पण खेळायचं होतं."

वैजयंतीने विचारलं, "चेंडू वर असताना तू त्याच्याकडे बघत का नाहीस?"

"बघते की. बघतेय असं दाखवत नाही."

"हे कुणी शिकवलं?"

"कदम सरांनी. खो-खोत." ईश्वरीला यात विशेष काही वाटत नव्हतं. "नऊ वर्षं खेळले मी. चौकात बसल्यावर पळणारी आपल्या डोळ्यांकडेच बघत असते ना, खो कुणाला मिळणार ते ओळखायला. सर म्हणायचे, डोळ्यानं चुगली केलीस की पट्टी खाशील. म्हणून नजर समोर ठेवायची, तोंड कोरं, काय चाललंय ते कडेकडेनं टिपायचं, आणि टाच तेवढी उचलून तयार राहायचं. खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल. इथं खो कोण देणार? मग मी टप्प्यालाच खो धरते. टप्पा पडला की सुटायचं."

"इथे खो-खो नाही खेळलीस?"

"नऊ जणी कुठनं आणू? आख्ख्या वॉराकनीत आम्ही मराठी तिघं. त्यातला एक दाताचा डॉक्टर, आणि त्याला गुडघ्याचा त्रास."

वैजयंती हसायला लागली. डेसला काहीच कळत नव्हतं, म्हणून ईश्वरीने त्याच्यासाठी इंग्रजीत सांगत तिथेच गवतावर बसून दाखवलं. एक पाय पुढे, एक मागे, बोटांचा दाब जमिनीवर, टाच वर. डेस वाकून त्या टाचेकडे पाहत राहिला.

"म्हणजे हिच्या देशात," तो म्हणाला, "पाठीवर थाप मिळेपर्यंत न हलण्याची स्पर्धा असते?"

"साधारण तसंच," वैजयंती म्हणाली.

"मग तू तिथली विजेती असणार, डॉक."

ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला लागलं. मिरजेच्या शाळेत तीन वर्षं ती संघात होती. पळणारी म्हणून यथातथा, पण बसायला उत्तम, असं तिच्याबद्दल सगळे म्हणत. चेहऱ्यावर काही दिसू न देणं म्हणजे काय, हे तिच्या यंत्राला माहीत नव्हतं, ते ठीक. तिला माहीत होतं.

*

सोमवारी सकाळी तिने ईश्वरीच्या चाचणीच्या मूळ नोंदींचा साठा उघडला. पोटऱ्यांवरच्या पट्ट्यांनी दोनशेच्या दोनशे वाचनं घेतली होती, पण अंतिम हिशेबात त्यातलं एकही नव्हतं. कारण शोधायला दहा मिनिटं लागली. नजर आणि पोटरी यांच्या वेळांत फार अंतर पडलं, तर पट्टी सरकली असं समजून पोटरीचं वाचन आपोआप वगळायचं, असा नियम यंत्राच्या आज्ञावलीत होता. तीन वर्षांपूर्वी घातलेला. खाली टिपण होतं, 'अशी तफावत प्रत्यक्षात संभवत नाही.' आणि टिपणाखाली आद्याक्षरं : वै. दा.

तिने नियम काढून हिशेब पुन्हा चालवला. दोनशेपैकी एकशे एक्क्याऐंशी वेळा ईश्वरीच्या योग्य पायाची पोटरी टप्प्याच्या आधी ताणली गेली होती. उजवीकडे जायचं तर डावी, डावीकडे जायचं तर उजवी. सरासरी बावीस शतांश सेकंद आधी. इतक्या आधी तर अव्वल खेळाडूंची नजरसुद्धा क्वचितच पोचत असे.

दुपारी ती हे सगळं घेऊन कार्ला पेट्रीडिसकडे गेली. कार्ला क्लबाची निवडप्रमुख. ती जेवता जेवता काम करी आणि काम करता करता फोनवर बोले. डेसही येऊन बसला होता. वैजयंतीने आपली चूक आधी सांगितली, मग पोटऱ्यांचे आलेख दाखवले.

"म्हणजे तिचा खरा आकडा किती?" कार्लाने विचारलं.

"तो आत्ता सांगता येत नाही. नजर लपवणाऱ्या निदान शंभर मुलींच्या पोटऱ्या मोजाव्या लागतील, तेव्हा कुठे मोजपट्टी तयार होईल. दोन वर्षं धर."

"ड्राफ्ट डिसेंबरमध्ये आहे." वर्षातून एकदा सगळे क्लब पाळीपाळीने नव्या मुली निवडत, तो दिवस.

"हो."

"नववा क्रमांक आपला आहे. पहिल्या निवडीतच चांगली मुलगी मिळाली नाही, तर पुढच्या वर्षी या खुर्चीत दुसरं कुणी असेल, आणि तुझ्या खुर्चीतही. तुला काय वाटतं, तेवढं सांग."

"अधिकृत आकडा एकतीसच आहे," वैजयंती म्हणाली.

डेसने कपाळ टेबलावर टेकवलं आणि तसंच राहू दिलं.

"आणखी एक नोंद करायला हवी," वैजयंती पुढे म्हणाली. "ती मराठी आहे. मीही. आमची गावं पन्नास किलोमीटरच्या आत आहेत. माझ्या शब्दाला त्यामुळे..."

"मी ग्रीक आहे," कार्ला म्हणाली. "आजवर चार ग्रीक मुली घेतल्या. दोन बऱ्या निघाल्या, दोन भयंकर. माझ्या मावशीशिवाय कुणी एक शब्द बोललं नाही."

"ती घाबरते," डेस टेबलाला उद्देशून म्हणाला. "कुणीतरी आवडलंय हे लोकांना कळेल म्हणून."

जुलै गेला, ऑगस्ट गेला. दर पंधरवड्याला कार्ला विचारी, आणि दर पंधरवड्याला वैजयंती आणखी एक आलेख आणून देई. तिने क्लबातल्या बावीस मुलींच्या पोटऱ्या मोजल्या. त्यांतल्या एकीचीही नजर लपलेली नव्हती, त्यामुळे सिद्ध काहीच झालं नाही. नोव्हेंबर उजाडला तेव्हा कार्लाने स्वतःच तोडगा काढला. यादीत नवव्या क्रमांकासाठी वर हार्पर क्विन, चाहूल चौऱ्याण्णव. ती आधीच गेलेली असेल, तर ईश्वरी घोरपडे.

हार्पर पहिल्या पाचांतच उचलली जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे ईश्वरी मिळणार, आणि ती मागितली असं कुणालाच म्हणावं लागणार नाही. बैठकीतून बाहेर पडताना वैजयंतीला हलकं वाटलं. मग जिना उतरेपर्यंत त्या हलकेपणाची तिला थोडी लाज वाटली.

"गॉर-पॅडी," डेस मागून सराव करत येत होता. "गोर-पाडे. बरोबर?"

"नाही."

"जवळपास?"

"जवळपास नाही, डेस."

*

ड्राफ्ट डिसेंबरच्या एका उकाड्याच्या दुपारी होता. एका मोठ्या सभागृहात क्लबांची टेबलं मांडलेली, मागे रंगीबेरंगी गळपट्टे घातलेले समर्थक, समोर मंचावर एक माईक. निवडीचा जुना रिवाज महिलांच्या लीगने जपला होता. नाव लिहून द्यायचं नाही, पडद्यावर दाबायचं नाही. क्लबातर्फे एकाने उठून माईकपाशी जायचं आणि दोन मिनिटांच्या आत ते उच्चारायचं. वेळ चुकली तर पाळी पुढच्याची. मुली आपापल्या घरी बसून हे थेट ऐकत असत. एका नावासाठी शेकडो घरांत एकाच वेळी श्वास रोखले जात.

पोर्ट वॅलनचं टेबल खांबाजवळ होतं. डेस टाय लावून आला होता आणि तो टाय त्याला आवडत नव्हता.

पहिला क्लब उठला. त्यांच्या मुलीचे चाहूल गुण पडद्यावर झळकले, शहाण्णव. टाळ्या. दुसरा क्लब, सत्त्याण्णव. तिसरा, शहाण्णव. वैजयंतीने समोरचा कागद सरळ केला. एप्रिलमध्ये साऱ्या देशात चौऱ्याण्णवच्या वर तीन मुली होत्या. चौथा क्लब, पंच्याण्णव. पाचवा, अठ्ठ्याण्णव.

"हे कुठून आले आकडे?" कार्ला कुजबुजली.

"गेल्या महिन्यात फेरचाचण्या झाल्या," वैजयंती म्हणाली. "आणि त्याआधी पाटणकरांचा क्रॅश कोर्स."

सहावा, पंच्याण्णव. सातवा, शहाण्णव. आठव्या क्लबाची बाई माईकपाशी गेली तेव्हा कार्लाने डोळे मिटून घेतले. नाव एका टास्मानियाच्या मुलीचं होतं. पंच्याण्णव.

हार्पर क्विन अजून शिल्लक होती.

मंचावरचं घड्याळ दोन मिनिटांपासून मागे जायला लागलं.

"यादीत तीच वर आहे," कार्ला हळूच म्हणाली. ती चिडली नव्हती. तिचा आवाज पहिल्यांदाच सावकाश झाला होता. "चांगली मुलगी आहे. तिला घेतलं तर आपल्याला कुणी काही विचारणार नाही. वैजयंती, तुझ्याकडे फक्त आकडा असेल, तर मी जाते आणि हार्परचं नाव सांगते. त्याहून वेगळं काही असेल, तर तू जा. पण मग मला आत्ता काही समजावू नकोस. जाऊन सांग."

डेसने वहीसुद्धा काढली नाही.

एक मिनिट चाळीस सेकंद. वैजयंतीने सभागृहाकडे पाहिलं. आठ टेबलं, आठ निवडी, आणि आठही तिच्याच यंत्राने केलेल्या. या आठ मुली पुढच्या हंगामात मैदानावर उतरतील, चेंडू वर जाईल, आणि आठही जणी एकाच क्षणी एकाच जागेकडे बघतील. हार्पर नववी. हे आलेखाशिवाय दिसत होतं. ईश्वरीबद्दल तिच्याकडे जे होतं ते शास्त्राच्या कसोटीवर पुरेसं नव्हतं. एक मुलगी, दोनशे चेंडू, वॉराकनीचा एक सामना. एखाद्या शोधनिबंधात तिने शेवटी लिहिलं असतं, अधिक निरीक्षणांची गरज आहे. निबंध दोन वर्षं थांबू शकत होता. जानेवारीला तीन आठवडे उरले होते.

आणि लोक म्हणतील, आपल्या भागातली म्हणून घेतली. म्हणतीलच. ते चूक आहे हे दाखवायला तिच्याकडे आकडा नव्हता. ती चूक ठरली, तर यंत्राकडे बोट दाखवता येणार नव्हतं. हे सगळं तिने नीट, क्रमाने पाहून घेतलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि तरी तिला काय वाटतं ते बदलत नव्हतं. जूनपासून बदललं नव्हतं.

एक मिनिट पाच सेकंद. तिने खुर्ची मागे सरकवली.

माईकपर्यंत बावीस पावलं होती. वाटेत कुणीतरी पोर्ट वॅलनच्या नावाने शीळ घातली, कुणी हसलं. हार्परच्या गावचे समर्थक आधीच उभे राहून मोबाइल उंचावत होते. निवेदकाने वाकून विचारलं, "पोर्ट वॅलन, नववी निवड. गुणांच्या क्रमानेच ना? मी पडद्यावर लावायला सांगू?"

"नको," वैजयंती म्हणाली. "गुणांच्या क्रमाने नाही."

"मग कशाने?"

तिला स्वतःचा श्वास माईकमधून ऐकू आला, म्हणून ती अर्धं पाऊल मागे सरकली. घड्याळात अठ्ठावीस सेकंद उरले होते, आणि तिला त्यातले फार थोडे लागणार होते.

"माझ्या मताने," ती म्हणाली. "ईश्वरी घोरपडे."